हीच ती गाडी कशावरून? जुन्या स्पोर्ट्स कारची आणि तिच्या शर्यतींची पडताळणी

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत दोन शब्द हमखास दिसतात : 'मॅचिंग नंबर्स' आणि 'रेस हिस्टरी'. पहिल्या शब्दाने किंमत वाढते. दुसऱ्याने ती कितीतरी पट वाढू शकते. हे दोन्ही दावे तपासतात कसे, त्यात लोखंडाचा भाग किती, कागदाचा किती आणि प्रयोगशाळेचा किती, ते या लेखात बघू.

निमित्त घडलं मुळशीत. पिरंगुट ओलांडून पौडकडे जाताना रस्त्याच्या आत बरीच शेतघरं आहेत, आणि त्यातल्या काहींच्या शेडमध्ये पुणेकरांच्या जुन्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात. तशाच एका शेडमधली एमजी टीसी माझ्या मित्राचे काका विकत घेणार होते. विकणाऱ्याचं म्हणणं असं की गाडी १९४८ ची, इंजिन मूळचं आणि पन्नाशीच्या दशकात ती मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळालेली. शर्यतीचा पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक काळापांढरा फोटो आला होता. काका मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, हा फोटो खरा आहे का तेवढं सांग." निवृत्तीच्या पैशातला बराच मोठा वाटा या व्यवहारात जाणार होता, आणि शर्यतीच्या नावावर मागितलेली जादा रक्कम छोटी नव्हती.

फोटो खरा की खोटा, हा खरं तर शेवटचा प्रश्न. त्याआधी तीन वेगळे प्रश्न सुटे करून घ्यावे लागतात. ही खरोखर एमजी टीसी आहे का? कागदावर ज्या टीसीचा नंबर आहे, ती हीच का? आणि जी टीसी शर्यतीत पळाली, ती हीच का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं येत नाही, आणि दुसऱ्याचं आलं म्हणून तिसऱ्याचं तर अजिबात येत नाही. बहुतेक फसगत दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उडी मारताना होते. विकणारा दर वेळी लबाड असतो असंही नाही. पुष्कळदा त्याने स्वतः ती गोष्ट वडिलांकडून ऐकलेली असते आणि तिच्यावर त्याचा मनापासून विश्वास असतो.

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा. टीसी हे मॉडेल १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलं, सुमारे १० हजार गाड्या. १,२५० सीसीचं 'एक्सपीएजी' नावाचं इंजिन, १९ इंची उंच, तारांच्या आऱ्यांची चाकं, पुढे सरळ दांड्याचा अ‍ॅक्सल आणि लोखंडी सांगाड्यावर लाकडी चौकट बसवून तिच्यावर पत्रा मढवलेली बॉडी. नंतर आलेल्या टीडीची चाकं १५ इंची आणि पुढचं सस्पेन्शन वेगळं. जाणकार माणूस दहा पावलांवरून फरक सांगतो. आपल्याकडे जीपच्या सांगाड्यावर 'विंटेज लूक' चढवून नवरदेवासाठी भाड्याने देतात त्या गाड्या तर खाली वाकून पाहिलं की लगेच उघड्या पडतात.

नंबर काय सांगतो, काय सांगत नाही

आजच्या गाडीला १७ अक्षरांचा व्हीआयएन असतो. अमेरिकेत तो १९८१ पासून सक्तीचा झाला, आणि तिथल्या पद्धतीत त्याचं नववं अक्षर 'चेक डिजिट' असतं. बाकीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत द्यायची, तिला जागेनुसार ठरलेल्या वजनाने गुणायचं, सगळ्याची बेरीज करून ११ ने भागायचं आणि जी बाकी उरेल ती नवव्या जागी लिहायची. बाकी १० आली तर तिथे 'एक्स'. म्हणजे कुणी मनानेच एखादा नंबर रचला तर तो बहुतेक वेळा या गणितातच अडकतो. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकामागेही असाच विचार आहे, गणित फक्त वेगळं.

१९४८ च्या गाडीला असलं काही नाही. टीसीचे चॅसिस नंबर ०२५१ पासून सुरू होतात. कारण मोठं गमतीशीर आहे : कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, आणि एमजीवाल्यांनी मोजणी तिथूनच सुरू करायची प्रथा पाडली होती. त्यामुळे टीसी ०१०० असा नंबर कुणी दाखवला तर तो कधी अस्तित्वातच नव्हता. शेवटचे नंबर १०,२५० च्या आसपास संपतात, म्हणून १२ हजारांतला नंबरही बाद. पण या दोन टोकांच्या मधला कुठलाही आकडा वरवर 'व्हॅलिड' दिसतो. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती रेंज चेक झाली. ती रो त्या टेबलमध्ये खरंच आहे का, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी कारखान्याच्या नोंदी लागतात. कुठला चॅसिस कुठल्या इंजिनासोबत कारखान्यातून बाहेर पडला, याची नोंद मिळाली तरच 'मॅचिंग नंबर्स' या शब्दाला अर्थ येतो. इंग्लंडच्या गेडनमधलं ब्रिटिश मोटर म्युझियम अनेक ब्रिटिश गाड्यांना अशा नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं, जग्वारसाठी जग्वारचा स्वतःचा हेरिटेज ट्रस्ट आहे, आणि एमजी कार क्लबचा 'टी रजिस्टर' हा विभाग या जातीच्या गाड्यांवर दशकानुदशकं काम करतो आहे. मात्र सर्टिफिकेट हे नंबराचं असतं, गाडीचं नाही. १९४८ साली या नंबराची गाडी अमुक इंजिनासह बनली, इतकंच ते म्हणतं. तुमच्या शेडमध्ये उभी आहे ती तीच गाडी, असं ते म्हणत नाही. लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि विषय संपला असं समजतात.

म्हणून आता लोखंडाकडे. टीसीवर नंबर एकाहून जास्त ठिकाणी असतो : सुट्या धातूच्या पट्टीवर आणि सांगाड्याच्या पुढच्या टोकाजवळ प्रत्यक्ष लोखंडात ठोकलेला. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर रिव्हेटने बसवलेल्या अष्टकोनी पट्टीवर असतो. पट्टी काढता येते, नवी बनवून बसवताही येते, आणि अशा हुबेहूब पट्ट्या उघडपणे विकत मिळतात. त्यामुळे पट्टीला मी फार तर स्टिकरइतकी किंमत देतो. बघायचा तो ठोकलेला नंबर. मुळशीच्या गाडीत त्या जागेवर रंगाचे बरेच थर होते. मेकॅनिकने ते सावकाश उतरवले, आणि खाली आरसी बुकातला नंबर निघाला. अंकांची ठेवण किंचित वाकडीतिकडी होती. हाताने एकेक अंक ठोकला की तसंच होतं, त्यामुळे ते चांगलंच लक्षण. भोवतीचा पृष्ठभाग एकसारखा जुना होता, घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नव्हत्या.

घासल्याच्या खुणा असत्या तर? इथे न्यायवैद्यक शास्त्रातली एक जुनी आणि सुंदर युक्ती कामाला येते. लोखंडावर नंबर ठोकला की फक्त वरचा खळगा तयार होत नाही, खळग्याखालचा धातूही दाबला जाऊन त्याच्या कणांची रचना बिघडते. वरचे अंक कानशीने पूर्ण घासून टाकले तरी ही बिघडलेली रचना काही अंतरापर्यंत शिल्लक राहते. पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करून त्यावर कॉपर क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवलं, की दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात, आणि गेलेला आकडा भुतासारखा पुन्हा दिसू लागतो. चोरीच्या गाड्या आणि बंदुका यांच्यावर सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळांत हे नेहमीचं काम आहे. घरी करून बघण्यातलं मात्र हे नाही : द्रावण धोकादायक आहे, आणि चुकीच्या हाताने केलं तर उरलासुरला पुरावाही विरघळून जातो. तशी शंका आलीच तर गाडी घेऊ नये आणि पोलिसांना कळवावं.

अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाची गोष्ट

सांगाडा जुळला. इंजिन जुळलं नाही. जातीने ते एक्सपीएजीच होतं, पण नंबर आरसी बुकातल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा, आणि बुकात पुढे कुठेतरी इंजिन बदलल्याचा शेरा. विकणाऱ्याने बुक नीट वाचलंच नसावं.

आपल्याकडे ही अगदी सर्वसाधारण बाब आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि परदेशी गाड्या चालत्या ठेवायला लोकांनी हाताला लागेल ते इंजिन बसवलं. यात एमजीएची गंमत बघण्यासारखी आहे. १९५५ ला आलेल्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १,४८९ सीसीचं 'बी सीरिज' इंजिन होतं, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढे त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन आलं. म्हणजे भारतातल्या एमजीएत अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बसलेलं असेल, तर ते परकं नसून चुलत भाऊ असतं. वरून पाहून फसायला होतं. इंजिन नंबराची सुरुवातीची अक्षरं आणि ओतकामावरचे आकडे पाहिल्यावरच उलगडा होतो.

इंजिन बदललं म्हणजे गाडी खोटी झाली का? माझ्या मते नाही. शेरा मारून बदललेलं इंजिन हा इतिहास आहे, शेरा न मारता बदललेलं इंजिन ही अडचण आहे, आणि मूळ नंबर ठोकून 'मूळ' केलेलं इंजिन हा गुन्हा आहे. 'मॅचिंग नंबर्स' हा शब्द मात्र जाहिरातीतून लगेच काढायला हवा होता, आणि तो काढला गेला.

लाकडातला अणुबॉम्ब

टीसीची बॉडी ज्या लाकडी चौकटीवर उभी असते ते लाकूड अ‍ॅशचं. आपल्याकडे पावसाळा आणि वाळवी मिळून त्याची वाट लावतात, आणि मग स्थानिक सुतार सागवान वापरतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखता येते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चालतं.

पण लाकूड अ‍ॅशचंच असेल आणि मूळ की नंतरचं असा प्रश्न असेल तर? १९५० च्या दशकापासून उघड्या हवेत अण्वस्त्रांच्या शेकड्यांनी चाचण्या झाल्या. त्यामुळे हवेतल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण १९६३ च्या सुमाराला उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झालं. त्या वर्षी चाचणीबंदीचा करार झाला आणि ते हळूहळू उतरू लागलं. झाड वाढताना हवेतलाच कार्बन घेतं. त्यामुळे १९५५ नंतर वाढलेल्या लाकडात हा जादा कार्बन सापडतो, आधीच्यात सापडत नाही. १९४८ ची म्हणून सांगितलेली चौकट असा कार्बन दाखवत असेल तर ती १९४८ ची नव्हे. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहातलं, फर्नां लेजेचं मानलं जाणारं एक चित्र याच पद्धतीने उघडं पडलं. चित्र १९१३-१४ चं मानलं जात होतं, पण कॅनव्हासचा कापूस १९५९ नंतरचा निघाला. २०१४ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष मांडला. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अशा मोजणीची यंत्रणा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा : ही चाचणी 'नाही' ठामपणे म्हणते, 'हो' म्हणत नाही. जुन्या कपाटाचं लाकूड वापरून आज बनवलेली चौकट तिला फसवू शकते. काकांच्या व्यवहारात एवढ्या खर्चाची गरजच नव्हती, कारण दारांच्या चौकटी सागवानी आहेत हे सुताराने नुसत्या वासावरून सांगितलं.

मग गाडीत मूळचं उरायला हवं तरी किती?

याचं सर्वांत गाजलेलं उत्तर लंडनच्या न्यायालयात दिलं गेलं. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटले स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवत होता, एका वर्षी टिम बर्किनसोबत, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टनसोबत. नंतर तिच्यात सतत बदल होत गेले, मोठं इंजिन बसलं, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिचा भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला, आणि पुढे तिच्यावर रस्त्यावर चालवायची बंद बॉडी चढली. १९९० साली तिचा सौदा १ कोटी पौंडांना ठरला. खरेदीदार कंपनी मागे हटली : ल मान्स जिंकलेल्या गाडीचे जेमतेम काही तुकडे उरलेत, ही ती गाडीच नव्हे.

न्यायमूर्ती ऑटन यांनी भाग मोजण्यापेक्षा इतिहास मोजला. गाडी 'जशीच्या तशी मूळ' नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ती कधी मोडीत निघून कुणी नव्याने उभी केलेली नाही, १९२९ पासून तीच गाडी सलग अस्तित्वात आहे, टप्प्याटप्प्याने बदलत गेली आहे, आणि त्याच नावाने दावा सांगणारी दुसरी गाडी नाही. म्हणून तीच अस्सल 'ओल्ड नंबर वन', असा निकाल लागला. गिटमध्ये काम करणाऱ्यांना हे चटकन पटेल. दहा वर्षांत रिपॉझिटरीतली प्रत्येक ओळ बदलली तरी प्रोजेक्ट तोच राहतो, कारण कमिटची साखळी तुटलेली नसते. साखळी तोडून फाइल्स नुसत्या कॉपी केल्या, तर शब्दन् शब्द जुळूनही ते दुसरंच काहीतरी असतं.

त्या हिशेबाने मुळशीच्या टीसीची साखळी बरी होती. मुंबईची नोंदणी, मग पुण्याला बदली, मालकांची नावं ओळीने, आणि मधली फक्त काही वर्षं कोरी.

जुहूची शर्यत

आता तिसरा प्रश्न. पन्नास-साठच्या दशकांत भारतात कायमचा रेसिंग ट्रॅक नव्हता. शर्यती विमानतळांच्या धावपट्ट्यांवर व्हायच्या : मुंबईत जुहू, कोलकात्याजवळ बराकपूर, मद्रासजवळ शोलावरम. त्यामुळे एखादी एमजी जुहूला पळाली असेल, यात अशक्य काही नाही. पण 'एमजी पळाल्या' आणि 'ही एमजी पळाली' यांत अंतर आहे. आज मुळशी तालुक्यातच अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरतात, तेव्हा गाडीची वेळ सेन्सर मोजतात आणि शंभर मोबाईल व्हिडिओ काढत असतात. त्या काळचा पुरावा म्हणजे छापील कार्यक्रमपत्रिका, निकालाचे कागद, वर्तमानपत्रातली बातमी आणि फोटो.

फोटोकडे मी आधी माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत एक्झिफची मूळ माहिती उरत नाही, त्यामुळे तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं. 'हा फोटो एआयने बनवला का' हे सांगणाऱ्या वेबसाइटींवर मी अशा कामात भरवसा ठेवत नाही, कारण जुना, दाणेदार, पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस झालेला फोटो त्यांना हमखास गोंधळात टाकतो. म्हणून मूळ प्रिंट मागितली, आणि ती मिळाली. भिंगाखाली सलग करडा दाणा दिसला, इंकजेटचे रंगीत ठिपके नाहीत. अतिनील टॉर्चचीही एक सोपी परीक्षा आहे : पन्नाशीच्या दशकापासून फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं येऊ लागली, ती या प्रकाशात निळसर उजळतात. १९३५ चा म्हणून दाखवलेला कागद असा उजळला तर संशय घ्यावा. पन्नाशीतल्या फोटोबद्दल मात्र यातून फारसं ठरत नाही.

थोडक्यात, फोटो बराच जुना आणि अस्सल असावा. गाडीही टीसीच. बॉनेटवर शर्यतीचा आकडा रंगवलेला. पण नंबर प्लेट चौकटीबाहेर. दोन फोटोंतल्या खुणा आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर इथे उलट दिशाभूल करतं, कारण एकाच साच्यातल्या दोन टीसी शेकडो ठिकाणी जुळणारच. जुळवायच्या असतात त्या हाताने झालेल्या चुका : रिव्हेटांची वाकडी ओळ, डॅशबोर्डला नंतर पाडलेलं भोक, दुरुस्त केलेला पोचा. फोटोत असं एकही ठिकाण स्पष्ट नव्हतं. फोटोच्या पाठीवर ना तारीख, ना स्टुडिओचा शिक्का.

अशा वेळी नंबर प्लेट दिसली तर सोनं. मुंबई राज्यातले जुने क्रमांक 'बी'ने सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर 'एम'ची अक्षरं आली, आणि सध्याचं 'एमएच' १९८९ पासूनचं. पन्नाशीतला म्हणून दाखवलेल्या फोटोत 'एमएच' दिसलं तर पुढे काही तपासायची गरज नाही. बी-क्रमांक दिसला आणि तो आरसी बुकात सापडला, तर चालकाचं नाव त्या वेळच्या मालकाशी आणि वर्तमानपत्रातल्या निकालाशी ताडून बघता येतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी तीच गोष्ट लिहिलेली सापडली की मी दावा मानतो. एकाच घरातल्या तीन आठवणी मात्र एकच पुरावा धरतो.

काकांनी गाडी घेतली. 'जुन्या, बदललेल्या इंजिनाच्या टीसी'च्या भावाने घेतली, आणि शर्यतीचे पैसे दिले नाहीत. विकणारा आधी नाराज झाला, मग प्रिंटही देऊन टाकली.

आरटीओत याचं काय होतं

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, तर ती 'विंटेज'. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठी चालते.

आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. तो ठेवाच. उद्या कुणाच्या पेटीतून जुहूचा दुसरा फोटो निघाला आणि त्यात प्लेट दिसली, तर ती जुळवायला गाडीवर तोच क्रमांक असायला हवा. काकांच्या टीसीचा तसा अर्ज केला आहे, आणि अर्जाबरोबर ठोकलेल्या नंबराचा, पेन्सिल घासून घेतलेला ठसाही फाइलला लावला आहे.